न फोडलेलं पाकीट

तृप्तीच्या हातातली वाटी निसटली... आणि जेवायला बसलेल्या तिन्ही मोठ्या माणसांचे घास हातातच थांबले!

वाटी स्टीलची होती, फुटायचा प्रश्न नव्हता. दोनदा गोल फिरून ती ताटाच्या कडेला आडवी झाली आणि वरण फरशीवर पसरत गेलं. पण वरणाकडे बघायला कोणाला भान होतं? गिरधर पोरीच्या उजव्या हाताकडे बघत होता. त्याची थोरली बहीण मालूबाईही तिथंच बघत होती. आणि कोकिळा... बघायचं नाही, काहीही झालं तरी बघायचं नाही, असं तिनं स्वतःला आठ दिवस बजावलं होतं... तिचेही डोळे तिथंच जाऊन खिळले होते!

दहा वर्षांच्या तृप्तीनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग दोन्ही हात हळूच मांडीखाली सरकवले.

"वाटी गरम होती," ती म्हणाली.

"गरम कुठली व? मीच वाढलं ना आत्ता," मालूबाई पुटपुटली. "हिच्या मायचंही असंच झालं असेल. आधी वाटी, मग तांब्या, मग..."

"आक्का!" कोकिळेचा आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला. "पोर जेवते आहे."

"जेवू दे ना. मी काय घास हिसकावला तिचा?"

गिरधरनं ताटात पाणी सोडलं आणि तो उठून गेला. कोकिळा फडकं घेऊन फरशी पुसायला वाकली. मान खाली होती म्हणून डोळ्यांतलं पाणी कोणाला दिसलं नाही... पण आतल्या खोलीत, लोखंडी पेटीत, जुन्या झबल्यांच्या घडीखाली ठेवलेलं ते पांढरं पाकीट तिला इथूनही दिसत होतं. भिंत आड आली तरी दिसत होतं!

तृप्ती जसोंडी गावच्या या घरात आली त्याला अडीच वर्षं झाली होती. तिची आई गायत्री बुऱ्हाणपुरात, सिंधीपुऱ्यात भाड्याच्या खोलीत राहायची आणि पावरलूमवर कामाला जायची. नवरा लवकर वारला. तिशी उलटली आणि गायत्रीचे हात आपोआप हलायला लागले. तुटलेलं सूत जोडता येईना. मग पाय, मग मान, मग जीभ, शेवटी डोकंही ताळ्यावर राहिलं नाही. शेजारच्या बाया म्हणायच्या, हिच्या अंगात येतं. इंदूरच्या डॉक्टरांनी मात्र कागदावर आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव लिहिलं आणि सांगितलं, हिच्या बापालाही हाच होता. रक्तातून उतरतो आणि बरं करणारं औषध अजून नाही. पोरीला होईल का? रुपया वर उडवावा, छापा पडेल की काटा, तसं. झाला तरी बहुतेक मोठेपणी, आईसारखाच.

गायत्री गेली. पोर बाल कल्याण समितीच्या ताब्यात आली आणि समितीनं ती गिरधर-कोकिळेला सांभाळायला दिली. दत्तक नव्हे, नुसती सांभाळायला. समितीच्या रश्मी मॅडमनी तेव्हाच आईच्या आजाराचं सगळं सांगितलं होतं. कोकिळा म्हणाली होती, "पोर आज जेवते ना? मग झालं."

ज्या घरातून बावीस वर्षांपूर्वी सात वर्षांचा मयूर मेंदूज्वरानं चार दिवसांत गेला होता, त्या घरात पुन्हा दप्तराचा आवाज आला. तृप्ती तिला मोठीमाय म्हणू लागली, गिरधरला आबा. आणि या पोरीनं एक नवलच केलं. कोकिळा जन्मात शाळेची पायरी चढली नव्हती. रेशनच्या दुकानात, बँकेत, सगळीकडे तिचा डावा अंगठा निळा व्हायचा. तृप्तीनं पाटी आणली, मोठीमायचा हात हातात धरला आणि दोन पावसाळ्यांत तिला नाव लिहायला शिकवलं! "मोठीमाय, 'ळ' पुन्हा उलटा काढलास," असं म्हणून ती टाळ्या पिटून हसायची, आणि सत्तेचाळीस वर्षांची कोकिळा लाजून पाटी पदरानं पुसायची.

त्याच सहीनं घात केला.

दोन वर्षं सांभाळलेल्या मुलाला आता त्याच घरात दत्तक घेता येतं, असं रश्मी मॅडमनी सांगितलं तेव्हा कोकिळेनं देवापुढे साखर ठेवली. गिरधर मात्र उठून बागेत गेला. तो केळीवाला माणूस. चार वर्षांपूर्वी त्याच्या बागेत हरण्या रोग आला होता. पानांवर पिवळे पट्टे पडले, आणि बघता बघता अडीच हजार झाडं त्याला स्वतःच्या हातानं मुळासकट उपटून जाळावी लागली होती. तेव्हापासून लॅबचा दाखला पाहिल्याशिवाय त्यानं एक रोपही मातीत लावलं नव्हतं. आणि मालूबाई रोज चुलीपाशी बसून बोलायची, "रोपट्याचा दाखला मागतोस रे गिरधर, अन् घरात लावायच्या पोरीचा नको?"

एके दिवशी तो म्हणाला, "पोरीचं रक्त कमी आहे का ते तपासून आणू." तिघंही शहरात गेली. एका लॅबमध्ये तृप्तीचं रक्त काढलं. खिडकीतल्या बाईनं फॉर्म पुढे सरकवला आणि शाईचं पॅड उघडलं. गिरधर म्हणाला, "माझी सही घ्या, तिचा अंगठा लागतो."

"नाही!" कोकिळा म्हणाली. "मला सही येते."

तिनं कागदावर बोट ठेवलं. बारीक छापलेल्या ओळींवर ओळी होत्या, हिंदीतल्या, इंग्रजीतल्या. त्या वाचायला तिला महिना लागला असता. पण खाली, रिकाम्या जागेच्या आधी दोनच अक्षरं होती आणि ती तिला वाचता आली... मा... ता... माता! तिच्या नावाशेजारी हा शब्द आजवर कोणी लिहिला नव्हता. रेशन कार्डावर नाही, शाळेच्या दाखल्यावर नाही. मयूर तर शाळेचं पहिलं वर्षही पुरं करू शकला नव्हता. तिनं श्वास रोखून लिहिलं, को... कि...

"मोठीमाय, 'ळ' नीट काढ," कोपरावर कापूस दाबून धरलेली तृप्ती तिच्या कानाशी कुजबुजली.

'ळ' सुरेख आला होता!

महिन्याभरानं गिरधरनं पाकीट आणलं. घरात पाय ठेवताच तो खाटेवर बसला, आणि त्यानं सांगितलं तेव्हा कोकिळेला कळलं, की रक्त कमी आहे का हे बघितलंच नव्हतं. त्या आजाराची तपासणी होती ती!

"फोडवत नाही गं मला," तो म्हणाला. "पण सोमवारी समितीपुढे दत्तकाच्या अर्जावर सही करायची आहे. त्याच्या आधी, रविवारी फोडू. चांगलं असलं तर देव पावला. नसलं तर... मी सही करणार नाही. एक लेकरू मी या खांद्यावर नेलंय, कोकिळा. पुन्हा ते डोळ्यांनी बघणं माझ्यानं होणार नाही."

तिनं पाकीट त्याच्या हातातून ओढून घेतलं आणि पेटीत टाकलं. किल्ली कमरेला लावली. पण भीतीला कुठं कुलूप लागतं? तृप्ती पेन्सिल धरायला लागली, की कोकिळेची नजर तिच्या बोटांवर जायची. वेणी घालताना तिची मान जराशी झुकली, की कंगवा थांबायचा. घरातली तिन्ही माणसं त्या लेकराचं तोंड बघायचं विसरली होती... तिचे फक्त हात उरले होते!

बुधवारी रश्मी मॅडम कागद बघायला आल्या. पंचवीस-सव्वीस वर्षांची हसतमुख मुलगी, बोलता बोलता हिंदीत शिरायची. कोकिळेनं चहा दिला आणि पदराशी चाळा करत विचारलं, "मॅडम, आमच्या लांबच्या नात्यात एक बाई आहे... तिनं अशाच सांभाळायला घेतलेल्या पोरीचं रक्त तपासलं. आईचा आजार उतरलाय का बघायला."

रश्मी मॅडमचं हसू मावळलं. "समितीला विचारून?"

"नाही."

"अरे बापरे! ताई, सांभाळणारे म्हणजे पालक नाही होत. खाणं-पिणं, शाळा, ताप आला तर दवाखाना, इतकं ठीक. पण अशी जांच? ती सही त्यांना करताच येत नाही. समितीला समजलं, तो बच्ची को वापस भी ले सकते हैं."

"परत नेतील?" कोकिळेनं हातातली बशी खाली ठेवली.

"नेऊ शकतात. आणि ताई, कायदा बाजूला ठेवा. इलाजच नाही अशा आजाराची बातमी लहान मुलाच्या माथी का मारायची? कळून घ्यायचं की नाही, हे त्या मुलीनं मोठी झाल्यावर ठरवायचं. एकदा कळलं की ते न कळलेलं करता येत नाही ना. घरचे तिच्याकडे मुलगी म्हणून बघतील, की आजार म्हणून?"

रश्मी मॅडम गेल्या तरी कोकिळा उंबऱ्यातच उभी होती. पाकीट जाळून टाकावं? पण लॅबमध्ये त्याची नक्कल असणार. गिरधर पुन्हा मागेल, मालूबाई मागायला लावील. समितीला सांगावं? सांगितलं तर पोर जाईल. न सांगावं, तर रविवारी पाकीट फुटेल... इकडे आड, तिकडे विहीर!

दुसऱ्या दिवशी दुपारी तृप्ती शाळेतून आली आणि दप्तर टाकून दिसेनाशी झाली. शोधत शोधत कोकिळा घरामागच्या केळीच्या बागेत गेली. दोन ओळींच्या मधल्या सावलीत पोर उभी होती. दोन्ही हात समोर ताठ धरलेले, डोळे बोटांवर, ओठ हलत होते.

"...सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव, शंभर." मोठीमायला पाहून ती दचकली नाही. उलट तिचा चेहरा उजळला. "मोठीमाय, आज शंभरपर्यंत मोजलं! जरासुद्धा हलले नाहीत. आबांना सांगशील?"

कोकिळेनं तिच्या कपाळावरचा घाम पदरानं पुसला.

"मला माझ्या आईचे हात आठवतात," तृप्ती म्हणाली. "आबा बोलले ते मी ऐकलं. पेटीतल्या त्या पाकिटात माझे हात आहेत ना?"

कोकिळेनं ते दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि ती तिच्यासमोर मातीत बसली. कोणतं पाप आपण केलं हे! एका शब्दाच्या हावेपोटी आपण या लेकराच्या उद्याचं कुलूप दुसऱ्यांच्या हाती दिलं! त्या क्षणी तिचं ठरलं. पोर आपल्याकडे राहिली नाही तरी चालेल... पण तिचं पाकीट तिचंच राहिलं पाहिजे.

शुक्रवारीही समिती बसायची. गिरधर केळी कापायला बागेत गेला. कोकिळेनं तृप्तीच्या डोक्यावरून हात फिरवला, "पाकीट मी सुखरूप ठेवायला नेते आहे," एवढंच सांगितलं, आणि गावातून गाडी पकडली. शहरात राजपुऱ्यापाशी उतरून ती चालत ऑफिसपर्यंत पोचली तेव्हा पदराखालचं पाकीट घामानं ओलं झालं होतं.

समितीचे अध्यक्ष निरंजन सर पांढऱ्या केसांचे, निवृत्त हेडमास्तर. "बसा कोकिळाबाई. सोमवारी यायचं होतं ना तुम्ही?"

"बसले तर उठायचं बळ राहणार नाही, सर." तिनं पाकीट टेबलावर ठेवलं. "मी पोरीचं रक्त तपासायला दिलं. तिच्या आईच्या आजारासाठी. तुम्हाला न विचारता. सही माझी आहे."

कोपऱ्यात बसलेल्या रश्मी मॅडम उभ्याच राहिल्या. "ताई! म्हणजे परवा ती लांबच्या नात्यातली..."

"मीच ती."

निरंजन सरांनी चष्मा काढला. "कोणी सांगितलं होतं असं करायला?"

"कोणी नाही. माझ्या मनात आलं."

"तपासणीचं नाव सांगता येईल?"

तिनं पाकिटावरच्या इंग्रजी अक्षरांकडे पाहिलं.

"लिहायला कधी शिकलात?"

"आत्ताच. दोन वर्षं लागली. तृप्तीनं शिकवलं."

"कागद वाचला होता सगळा?"

"एकच शब्द वाचला, सर." तिचा बांध फुटला. "तिथं माता लिहिलं होतं! माझ्या नावाला कोणी कधी तो शब्द लावला नव्हता... मी भुलले! तुम्ही पोर न्या, मला जी शिक्षा करायची ती करा. पण हे पाकीट कोणाला फोडू देऊ नका. मला नाही, घरच्यांना नाही, तुम्हालाही नाही. ते तिचं आहे!"

"खोटं बोलते आहे ती!"

दारात गिरधर उभा होता. शर्टावर केळीच्या चिकाचे काळे डाग, पायात चिखल, आणि त्याचा हात घट्ट धरलेली तृप्ती.

"हिला काही माहीत नव्हतं," तो धापा टाकत म्हणाला. "रक्त कमी आहे का बघायचं, असं सांगून मी नेलं. मी फसवलं हिला. फोडायचं होतं तेही मलाच."

"मग आज का आलात?" निरंजन सरांनी विचारलं.

गिरधरनं पोरीकडे बघितलं आणि त्याचा आवाज फाटला. "ही बांधावर पळत आली, सर. म्हणाली, आबा, मोठीमाय पाकीट घेऊन गेली, आता तुम्ही मला ठेवणार नाही का? मी... मी दीडशेपर्यंत मोजीन, म्हणाली!" चोपन्न वर्षांचा तो माणूस दाराची चौकट धरून लहान पोरासारखा रडू लागला. "जिच्याकडून मी असं मोजून घेतलं, त्या लेकराला मी काय तोंड दाखवू?"

रश्मी मॅडमनी त्याला आत घेऊन खुर्ची दिली. मग निरंजन सर म्हणाले, "मुलीनं तिथं राहावं की नाही, ते आम्ही आधी तिला विचारणार. तुम्ही दोघं बाहेर थांबा."

दार बंद झालं. बाहेरच्या बाकावर दोघं बसली. कोकिळेला वाटलं, आता हे दार उघडेल आणि कोणी म्हणेल, तिचे कपडे पाठवून द्या...

"वाईट निघालं असतं तर?" गिरधर जमिनीकडे बघत म्हणाला. "माझ्या मनातून ते जात नाही गं."

कोकिळेनं बावीस वर्षांत जे नाव नवऱ्यापुढे घेतलं नव्हतं, ते घेतलं. "अहो, आपला मयूर जन्मला त्या दिवशी कोणी पाकीट दिलं असतं, सातच वर्षं आहेत म्हणून... तर तुम्ही त्याला कडेवर घेतलं नसतं का?"

गिरधरनं दोन्ही तळव्यांत तोंड झाकलं. तळव्यांआडून आवाज आला, "घेतलं असतं. खाली ठेवलंच नसतं."

"मग झालं."

त्याचा चिखलानं भरलेला हात बाकावरून सरकत आला आणि तिच्या हातावर येऊन थांबला.

दार उघडलं. तृप्ती बाहेर आली, त्यांच्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "सरांनी विचारलं, तिथं भीती वाटते का. मी खरं सांगितलं. म्हटलं, जेवताना वाटते."

दोघांच्या माना खाली गेल्या.

"मग विचारलं, कुठं राहायचं. म्हटलं, तिथंच. पण जेवताना माझ्या हाताकडे कोणी बघायचं नाही."

निरंजन सरांनी तेच वाक्य हुकुमात लिहिलं. पाकीट दुसऱ्या मोठ्या पाकिटात घालून वर लाख लावली. तृप्ती अठरा वर्षांची झाल्यावर तिला वाटलं तर मागेल, तेही डॉक्टरांशी बोलून. नाही वाटलं, तर जन्मभर तसंच राहील. लॅबनंही ते कोणाला दाखवू नये, असं पत्र जायचं होतं. आणि दत्तकाचा अर्ज सोमवारी घेतला जाणार नव्हता. "सहा महिने थांबा. रश्मी मॅडम दर पंधरा दिवसांनी येतील, न सांगता येतील," सर कडक आवाजात म्हणाले. "झालेली गोष्ट लहान नाही, गिरधरभाऊ."

सहीसाठी कागद पुढे आला. या वेळी कोकिळेनं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर जोडत शेवटपर्यंत वाचलं. कोणीही घाई केली नाही. शेवटी तिच्या नावापुढे 'माता' नव्हतं, 'सांभाळ करणारी' असं होतं. तिनं तिथं सही केली.

पहिले काही दिवस मालूबाई फुगून बसली. "म्हणजे आता मी जेवताना डोळे मिटून घेऊ का?"

"ताटात बघ ना आक्का," गिरधर म्हणाला. "भाकरी काय वाईट दिसते?"

महिना गेला असेल. सगळे जेवायला बसले होते, आणि तृप्तीच्या हातातून वाटी पुन्हा निसटली. तोच आवाज, फरशीवर तेच दोनदा गोल फिरणं...

गिरधरनं मान वर केली नाही, तो भाकरी मोडत राहिला. मालूबाईचा घास क्षणभर थांबला. मग ती म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "गिरधर, वांगं खारट झालंय का रे?"

"नाही आक्का. बरोबर आहे."

कोकिळेनं आपल्या ताटावरून नजर हलू दिली नाही. भीती कुठं गेली नव्हती, ती या घरातच राहणार होती, वर्षानुवर्षं... पण त्या भीतीचं ताट आता मांडायचं नव्हतं. कोकिळा भाकरीचे काळे ठिपके बघत राहिली, आणि तिच्या नजरेपुढे एक रिकामी वाटी आली.

"मोठीमाय, वरण सांडलं. अजून वाढ ना."

कोकिळेनं वाटी काठोकाठ भरली, आणि पोरीच्या तोंडाकडे बघून तिच्या हातात दिली.